परदेशस्थ आप्त आणि गावाकडचे घर : विसार घेण्यापूर्वीचा हिशेब

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



संस्थेच्या पन्नासाव्या वर्षात या व्यासपीठावरून बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. या व्याख्यानमालेत धर्म, साहित्य आणि आरोग्य अशा विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली. त्यांच्या पंक्तीत आयकरासारखा रूक्ष विषय घेऊन उभे राहताना थोडा संकोच वाटतो. परंतु संयोजकांनी हा विषय आग्रहाने मागून घेतला आणि त्यामागचे कारण मला पूर्णपणे पटले.

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या समाजातील मुले शिक्षणासाठी कोल्हापूर, सांगली, पुणे किंवा मुंबई येथे जात असत. आज तीच मुले दुबई, सिंगापूर, लंडन आणि न्यू जर्सी येथे स्थिरावली आहेत. त्यांनी कर्तृत्व गाजवले याचा आपणांस अभिमान आहे. पण गल्लीगल्लीतून फिरताना कुलूपबंद वाडे आणि बंद सदनिका दिसतात, तेव्हा मन क्षणभर थबकते. आई-वडील गेले, देखभाल करणारे कोणी उरले नाही, छपराची कौले सरकू लागली, की एके दिवशी परदेशातून दूरध्वनी येतो, 'काका, घर विकायचे ठरवले आहे. गिऱ्हाईक पाहाल का?' गिऱ्हाईक मिळते, भाव ठरतो, विसार घेतला जातो आणि मग कोणीतरी विचारते, 'कर किती लागेल?'

हा प्रश्न शेवटी विचारला जातो, येथेच सारी गफलत होते. आज मला जे सांगावयाचे आहे, त्याचे सार एका वाक्यात असे : परदेशस्थ व्यक्तीच्या घरविक्रीत करापेक्षा उशीर अधिक महाग पडतो. विसार घेण्यापूर्वी केलेला हिशेब लाखो रुपये वाचवतो. विसारानंतर केलेला हिशेब बहुधा केवळ पश्चात्तापाची बेरीज ठरतो.

कर भारतात का?

अनेकांची समजूत अशी, की आपण परदेशात राहतो आणि तेथे कर भरतो, तेव्हा भारतात काही देणे लागत नाही. ही समजूत चुकीची आहे. स्थावर मालमत्ता जेथे उभी आहे, तेथील सरकारला तिच्या विक्रीतील नफ्यावर कर आकारण्याचा अधिकार असतो. मालक न्यू जर्सीत असो वा नैरोबीत, घर जयसिंगपुरात असेल, तर नफा भारतात झाला असेच आपला कायदा मानतो. दुबईत वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही, म्हणून तेथे राहणाऱ्यास येथेही कर नाही, असे होत नाही. भारताने अनेक देशांशी दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार केले आहेत. पण स्थावर मालमत्तेच्या बाबतीत त्या करारांनीही भारताचा हा अधिकार राखून ठेवला आहे.

दुसरा प्रश्न, 'अनिवासी' कोणास म्हणावयाचे? येथे पासपोर्ट पाहिला जात नाही, दिवस मोजले जातात. आर्थिक वर्षात १८२ दिवस वा त्याहून अधिक काळ भारतात असलेली व्यक्ती आयकराच्या दृष्टीने निवासी ठरते. त्याखेरीज मागील चार वर्षांतील वास्तव्यावर आधारलेले पोटनियम आहेत. भारतातील उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक असलेल्या भारतीय नागरिकास वा भारतीय वंशाच्या पाहुण्यास काही अटींनुसार १२० दिवसांची मर्यादा लागू होते. घरविक्रीचा नफा हेही भारतातील उत्पन्नच असते, हे लक्षात घ्यावे. म्हणूनच विक्रीच्या वर्षी येण्या-जाण्याच्या तारखा पासपोर्टवरून नीट लिहून काढाव्यात. विक्रीच्या वर्षी आपण निवासी होतो की अनिवासी, यावर पुढील सारा हिशेब अवलंबून असतो.

नफा कसा मोजावा?

विक्रीच्या किमतीतून दलाली व विक्रीसंबंधीचा खर्च वजा करावा. त्यातून घराची मूळ किंमत आणि नंतर केलेल्या सुधारणांचा खर्च वजा करावा. जे उरते तो भांडवली नफा. घर २४ महिन्यांहून अधिक काळ मालकीचे असेल, तर तो नफा दीर्घ मुदतीचा ठरतो. वारसाने आलेल्या घरासाठी कायदा दोन गोष्टी मान्य करतो : पूर्वजाने जी किंमत दिली तीच आपली मूळ किंमत, आणि पूर्वजाने जितका काळ घर बाळगले तो काळही आपल्याच हिशेबात धरावयाचा.

आजोबांनी १९५२ साली काही हजारांत बांधलेल्या वाड्याची किंमत आज कशी काढावयाची? त्यासाठी १ एप्रिल २००१ ही तारीख महत्त्वाची आहे. त्यापूर्वी मिळालेल्या मालमत्तेसाठी त्या दिवशीची वाजवी बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून घेता येते. मात्र त्या दिवशीचे मुद्रांक शुल्क मूल्यांकन उपलब्ध असेल, तर त्याहून अधिक किंमत धरता येत नाही. म्हणून नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल आणि २००१ सालच्या शीघ्र सिद्धगणकाचा, म्हणजे रेडीरेकनरचा उतारा या दोन कागदांना सोन्याचे मोल आहे. हे कागद घर पाडण्यापूर्वी आणि विकण्यापूर्वी मिळवावेत. वाडा जमीनदोस्त झाल्यावर मूल्यांकक काय पाहणार?

विक्रीच्या किमतीलाही एक तळ आहे. खरेदीखतात लिहिलेल्या किमतीपेक्षा मुद्रांक शुल्क मूल्यांकन १० टक्क्यांहून अधिक जास्त असेल, तर विक्रेत्याची किंमत म्हणून ते मूल्यांकनच धरले जाते. भाऊबंदांस स्वस्तात घर दिले, तरी कर मात्र सरकारी भावानेच लागू शकतो.

एकच घर, दोन कर

आता अलीकडच्या सर्वांत मोठ्या बदलाकडे येतो. २३ जुलै २०२४ पूर्वी दीर्घ मुदतीच्या नफ्यावर २० टक्के कर होता. परंतु मूळ किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून घेता येत असे. त्या दिवसापासून कराचा दर साडेबारा टक्के झाला आणि निर्देशांकाचा लाभ गेला. त्यावर देशभर नाराजी उमटली, तेव्हा सरकारने एक पर्याय दिला : २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-घरांसाठी जुन्या व नव्या पद्धतींपैकी जिच्यात कर कमी येईल तेवढाच द्यावा. पण हा पर्याय केवळ निवासी व्यक्तींना आणि निवासी हिंदू अविभक्त कुटुंबांना आहे. अनिवासींना तो नाही.

याचा अर्थ उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एका गृहस्थांचे १९९९ साली निधन झाले आणि त्यांचे घर मुलगा व मुलगी यांना समान वाट्याने मिळाले. मुलगा येथेच राहिला, मुलगी अमेरिकेत स्थायिक झाली. १ एप्रिल २००१ रोजी घराची किंमत २० लाख होती आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये ते ९० लाखांस विकले गेले. प्रत्येकाच्या वाट्यास ४५ लाख आले व मूळ किंमत प्रत्येकी १० लाख.

निर्देशांक २००१-०२ साठी १०० व २०२५-२६ साठी ३७६ आहे. भावाची मूळ किंमत वाढून ३७ लाख ६० हजार होते. नफा उरतो ७ लाख ४० हजार. त्यावर २० टक्के म्हणजे १ लाख ४८ हजार कर. बहिणीला निर्देशांक नाही. तिचा नफा ३५ लाख आणि त्यावर साडेबारा टक्के म्हणजे ४ लाख ३७ हजार ५०० रुपये. दोन्ही रकमांवर ४ टक्के उपकर वेगळा. एकाच आईची दोन लेकरे, एकच घर, एकच भाव. पण बहिणीचा कर भावाच्या जवळजवळ तिप्पट! न्याय-अन्यायाची चर्चा आपण अन्यत्र करू. जो नियम आहे तो माहीत असला पाहिजे, एवढेच आज म्हणतो.

आणखी एक बाब. निवासी व्यक्तीचे इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा कमी असेल, तर उरलेली मर्यादा या नफ्यातून वजा होते. अनिवासीस तीही मुभा नाही. पहिल्या रुपयापासून कर लागतो. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेल्यास १० टक्के आणि एक कोटीच्या वर गेल्यास १५ टक्के अधिभार कराच्या रकमेवर बसतो. या नफ्यासाठी अधिभाराची कमाल मर्यादा १५ टक्केच आहे.

यातून व्यवहाराचे एक सूत्र निघते. जे कायमचे परत येणार आहेत, त्यांनी घाईने परदेशातून घर विकू नये. परतल्यानंतर निवासी ठरणाऱ्या वर्षी विकल्यास पर्याय उपलब्ध होतो. जे आता जाणार आहेत आणि घर ठेवावयाचे नाही असे ज्यांचे ठरले आहे, त्यांनी निवासी असतानाच विक्रीचा विचार करावा. एका आर्थिक वर्षाचा फरक कित्येक लाखांचा असू शकतो.

आपल्याकडील पुष्कळ वाडे हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावे आहेत. हिंदू वारसा कायदा आपणा जैनांनाही लागू आहे, तसेच आयकरातील अविभक्त कुटुंबाची व्यवस्थाही. अशा कुटुंबाचा कारभार पूर्णतः परदेशातून चालत असेल तरच ते अनिवासी ठरते. कर्ता येथे असेल तर कुटुंब निवासी. तेव्हा वाडा खरोखर कुटुंबाचा आहे की वडिलांच्या पश्चात वारसांच्या वैयक्तिक मालकीचा झाला आहे, हे कागद पाहून ठरवावे. पित्याची स्वकष्टार्जित मालमत्ता वारसाने आली असेल, तर ती सामान्यतः वारसांची वैयक्तिक मालमत्ता होते. सोयीसाठी मागाहून 'कुटुंबाची' म्हणता येत नाही.

नफ्यावर कर, पण कपात किमतीवर

परदेशस्थांना सर्वाधिक मनस्ताप होतो तो करकपातीमुळे. निवासी विक्रेत्याच्या बाबतीत घराची किंमत ५० लाख वा अधिक असेल, तर खरेदीदार एक टक्का कापतो. अनिवासी विक्रेत्यास हा एक टक्क्याचा नियम लागू नाही आणि ५० लाखांची मर्यादाही नाही. तेथे दीर्घ मुदतीच्या नफ्याचा पूर्ण दर, अधिभार व उपकर यांसह कापावा लागतो. खरेदीदारास आपला नफा ठाऊक नसतो, म्हणून व्यवहारात तो संपूर्ण किमतीवर कर कापतो.

समजा, २०१२-१३ मध्ये ८० लाखांस घेतलेली पुण्यातील सदनिका २०२५-२६ मध्ये एक कोटी दहा लाखांस विकली. खरा नफा ३० लाख. त्यावर उपकरासह कर ३ लाख ९० हजार. पण संपूर्ण किमतीवर १४.९५ टक्के दराने कपात झाली, तर १६ लाख ४४ हजार ५०० रुपये जातात. साडेबारा लाखांहून अधिक रक्कम सरकारजमा होऊन पडते. विवरणपत्र भरून ती परत मिळते, दरमहा अर्धा टक्का व्याजही मिळते. पण कित्येक महिने थांबावे लागते. त्या पैशांवर दुसऱ्या घराचा हप्ता वा कोणाचे शिक्षण अवलंबून असेल, तर हा विलंब फार जाचतो.

यावरचा उपाय कायद्यातच आहे. विक्रेत्याने आयकर विभागाच्या आंतरराष्ट्रीय करआकारणी अधिकाऱ्याकडे कमी दराने करकपातीच्या प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करावा. सोबत मूळ खरेदीखत, वारसाचे कागद, मूल्यांकन अहवाल, विक्रीचा मसुदा व नफ्याचा तक्ता जोडावा. अधिकारी हिशेब तपासून किती कर कापावा याचे प्रमाणपत्र देतो. यास काही आठवडे लागतात, कधी शंका-समाधानात अधिकही. आणि येथेच माझा मुख्य मुद्दा पुन्हा येतो : कपात रक्कम देतानाच करावयाची असते, विसार हीदेखील रक्कमच आहे. प्रमाणपत्र हाती येण्यापूर्वी दिलेल्या पैशांवर ते लागू पडत नाही. म्हणून क्रम असा असावा : आधी कागद, मग गिऱ्हाईक, मग मसुदा, मग प्रमाणपत्र आणि त्यानंतर पैसे.

आपल्यापैकी अनेक जण विक्रेते नसून खरेदीदार असतील. त्यांनीही सावध राहावे. समोरची व्यक्ती ओळखीची, गावची, आपल्याच मंदिरात दर्शनास येणारी असली, तरी ती अनिवासी आहे का हे स्पष्ट विचारावे व लेखी घ्यावे. चुकून एक टक्काच कापला, तर उरलेला कर आणि दरमहा व्याज यांची जबाबदारी खरेदीदारावर येते. विक्रेता तोवर सातासमुद्रापार गेलेला असतो. अशा खरेदीसाठी खरेदीदारास करकपातीचा वेगळा क्रमांक, म्हणजे टॅन, घ्यावा लागत असे. २०२६ च्या अर्थसंकल्पात निवासी खरेदीदारास स्वतःच्या पॅनवरच हा कर भरता यावा अशी घोषणा झाली. तेव्हा व्यवहाराच्या दिवशी कोणता नियम आहे हे पाहूनच पुढे जावे.

कर वाचवण्याचे राजमार्ग

कायद्याने दिलेल्या सवलती अनिवासींनाही आहेत. पहिली सवलत घराच्या बदल्यात घराची. विक्रीपूर्वी एक वर्ष वा विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे राहते घर विकत घेतले, किंवा तीन वर्षांत बांधले, तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर कर लागत नाही. हे नवे घर भारतातच असावे लागते. लंडनमध्ये घेतलेले घर चालत नाही. सवलतीची कमाल मर्यादा १० कोटी रुपये आहे. नफा दोन कोटींपर्यंत असेल, तर आयुष्यात एकदा दोन घरांत गुंतवण्याची मुभा मिळते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर झाले नाही, तर उरलेली रक्कम बँकेतील भांडवली नफा खाते योजनेत ठेवावी लागते. आपल्या साध्या बचत खात्यात ठेवून भागत नाही. आणि नवे घर तीन वर्षांच्या आत विकू नये.

दुसरी सवलत रोख्यांची. विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या संस्थांच्या रोख्यांत ५० लाखांपर्यंत नफा गुंतवता येतो. पैसे पाच वर्षे अडकतात आणि व्याज करपात्र असते. पण ज्यांना येथे पुन्हा घर नको, त्यांच्यासाठी हा सरळ मार्ग आहे.

शेतजमिनीचे शास्त्र वेगळे आहे. नगरपालिका हद्दीपासून लोकसंख्येनुसार दोन, सहा वा आठ किलोमीटरच्या पलीकडील शेतजमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ताच नव्हे. त्यामुळे तिच्या विक्रीवर हा कर येत नाही. मात्र अनिवासीस शेतजमीन वारसाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. आणि विकताना ती भारतात राहणाऱ्या व्यक्तीसच विकावी लागते. वाडा आणि मळा एकाच खरेदीखतात विकण्यापूर्वी हा भेद ध्यानात ठेवावा.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा आयकर अधिनियम, २०२५ घेतो. कलमांचे व नमुन्यांचे क्रमांक त्यात बदलले आहेत. म्हणून मी आज कलमांचे आकडे मुद्दाम सांगितले नाहीत. तत्त्वे लक्षात ठेवा, आकडे आपला सल्लागार पाहील.

दुसऱ्या देशाचा हिशेब

येथे कर भरला म्हणजे सुटलो, असेही नाही. अमेरिकेचा नागरिक वा तेथील करनिवासी आपल्या जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब तेथे देतो. भारतात भरलेल्या कराची वजावट त्याला साधारणपणे मिळते, दोनदा पूर्ण कर द्यावा लागत नाही. पण दोन्ही देशांचे गणित वेगळे असते. २००१ च्या किमतीचा आपला नियम अमेरिका ओळखत नाही. वारसाने आलेल्या घरासाठी ती सामान्यतः मृत्युदिनाची बाजारकिंमत धरते आणि सारे डॉलरमध्ये मोजते. आपण येथे दुसरे घर वा रोखे घेऊन कर वाचवला, तरी त्या सवलती तेथे चालत नाहीत. येथे कर भरलाच नाही, तर तेथे वजावट कशाची घेणार? म्हणजे येथे वाचलेला कर तेथे द्यावा लागू शकतो. पाच वर्षे पैसे रोख्यांत अडकवूनही हाती काहीच न लागण्याची ही वाट आहे. म्हणून दोन्हीकडचे सल्लागार एकमेकांशी बोलले पाहिजेत.

स्वतः पूर्वी राहिलेल्या घराबाबतही असाच भेद आहे. भारतीय कायदा आपण त्या घरात राहत होता का, हे विचारत नाही. ते निवासी घर असले म्हणजे पुरे. अमेरिकेत मात्र स्वतःच्या घराची मोठी सूट मिळण्यासाठी विक्रीपूर्वीच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षे ते मालकीचे असावे आणि आपण त्यात राहिलेले असावे, अशी मुख्य अट आहे. ब्रिटनमध्ये घर सोडल्यानंतरचे सर्वसाधारणपणे शेवटचे नऊ महिनेच सवलतीत धरले जातात. घर सोडून वीस वर्षे झालेल्यास या सवलतींचा फारसा उपयोग नाही.

वर्षांची गणनाही निराळी. आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिकेचे जानेवारी ते डिसेंबर, ब्रिटनचे ६ एप्रिल ते ५ एप्रिल. येथील कर भरल्याची चलने, प्रमाणपत्रे व विवरणपत्राची प्रत जपून ठेवली, तरच तेथील वजावट सुकर होते.

विक्रीचे पैसे बाहेर न्यावयाचे असतील, तर ते बँकेतील अनिवासी सामान्य खात्यात, म्हणजे एनआरओ खात्यात जमा करावेत. कर भरल्यानंतर चार्टर्ड अकाउंटंटच्या प्रमाणपत्रासह त्या खात्यातून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. परदेशी गेल्यावरही जुने साधे बचत खातेच चालू ठेवणाऱ्यांनी ते वेळीच बदलून घ्यावे.

दोन मोह

आता दोन गोष्टी स्पष्ट बोलतो. पहिली, रोखीची. 'थोडे वरचे रोख द्या, कर वाचेल,' हा संवाद आपणांस अपरिचित नाही. हिशेब पाहा. दहा लाख रोख घेतल्याने अनिवासीचा कर वाचतो साधारण एक लाख तीस हजार. पण स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रोख स्वीकारल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. ती रोकड परदेशी नेण्याचा सरळ मार्ग नाही आणि तिचा उगमही सांगता येत नाही. साडेबारा टक्क्यांच्या दराने स्वच्छ पैसा मिळत असताना काळा पैसा घेणे हा व्यापाराच्या दृष्टीनेही तोट्याचा सौदा आहे. अचौर्य हे ज्यांच्या अणुव्रतांपैकी एक आहे, त्या समाजाला याहून अधिक सांगण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट हक्कसोडपत्राची. बहिणीला कर जास्त लागतो, म्हणून 'तू हक्क सोड, विकल्यावर तुझे पैसे तुला पाठवू' असा सल्ला दिला जातो. मोबदला घेऊन सोडलेला हक्क म्हणजे विक्रीच. आणि 'मोबदला नाही' असे लिहून मागाहून पैसे देणे म्हणजे सरकारची फसवणूक. शिवाय भाऊ विसरला, भाऊ गेला वा त्याच्या मुलांनी हात वर केले, तर बहिणीच्या हाती काय उरते? लेकीचा वाटा कराच्या निमित्ताने बुडू नये. बहिणीने स्वखुशीने भावास दिले, तर ते निर्मळ दान आहे, त्यास माझा नमस्कार. पण तिला वाटा द्यावयाचा असेल, तर तो खरेदीखतात तिच्या नावाने, तिच्या खात्यात आणि तिच्या कराच्या हिशेबासह द्यावा. कर थोडा अधिक गेला तरी नाते टिकते, आणि ते कोणत्याही रोख्यांत गुंतवून परत मिळत नाही.

घराची वही

शेवटी एक विनंती करून थांबतो. दिवाळीस आपल्या घरोघरी वहीपूजन होते. यंदा त्या वह्यांशेजारी आणखी एक वही ठेवा, घराची वही. तिच्यात मूळ खरेदीखत किंवा वाटणीपत्र, मालमत्ता पत्रक अथवा सातबारा, गृहनिर्माण संस्थेचे भागपत्र, घरपट्टीच्या पावत्या, दुरुस्तीची बिले, २००१ चे मूल्यांकन, मृत्युपत्र व वारस नोंदीचे कागद यांच्या प्रती लावा. संस्थेत नामनिर्देशन केले म्हणजे मालकी गेली असे नव्हे. वारसांची नावे अभिलेखात वेळीच लावून घ्या. परदेशस्थ मुलांचे पॅन चालू आहेत का आणि त्यावर 'अनिवासी' अशी नोंद आहे का, हे पाहा. पॅन नसेल तर करकपातीचा दर वाढतो. कुलमुखत्यारपत्राने विक्री करावयाची असेल, तर ते भारतीय वकिलातीत किंवा तेथील नोटरीसमोर करून, येथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या.

ही कामे अवघड नाहीत. आज आई-वडील हयात आहेत, कोणता कागद कोणत्या पेटीत आहे हे त्यांना ठाऊक आहे. उद्या तीच माहिती शोधण्यासाठी मुलांना रजा काढून हजारो मैलांवरून यावे लागेल, आणि तेव्हा उत्तर देणारे कोणी नसेल. वही लिहिण्यास सर्वांत योग्य वेळ म्हणजे घर विकण्याचा विचारही मनात नसतानाची वेळ.

घर विकणे हा अपराध नव्हे. ज्या घराने आपणांस वाढवले, त्याचा निरोप स्वच्छ हिशेबाने आणि भावंडांच्या एकमताने घेतला जावा, एवढीच अपेक्षा.  

जय जिनेंद्र!